कलावंताला शेवटी बोलावू नका

विज्ञान संग्रहालयांचे विश्वस्त, संचालक आणि नियोजन समित्यांचे सदस्य यांना,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षभरात नव्या दालनांचे सात प्रस्ताव माझ्याकडे अभिप्रायासाठी आले. विषय वेगवेगळे होते : हवामान, मेंदू, समुद्र, जनुकं. पण वेळापत्रकाच्या पानावरची एक ओळ जवळपास सगळ्यांत सारखी होती. पहिले चौदा-पंधरा महिने विषयनिश्चिती, शास्त्रज्ञांशी चर्चा, आराखडा, बांधकाम. आणि शेवटच्या दोन महिन्यांत 'कलावंतांचा सहभाग'. एका प्रस्तावात ती ओळ रंगकाम आणि फर्निचर यांच्या मधे होती.

त्या ओळीमुळे हे पत्र लिहिते आहे. एकतीस वर्षं मी क्युरेटर म्हणून काम केलं, त्यातली बहुतेक वर्षं कला आणि विज्ञान जिथे एकत्र येतात अशा दालनांत. आता निवृत्त झाले आहे. या कामाने मला खूप दिलं. ते नीट व्हावं असं मनापासून वाटतं, म्हणून तुमच्या वेळापत्रकात ढवळाढवळ करण्याचं धाडस करते आहे.

आधी माझीच एक चूक सांगते. माझं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन प्रकाशावर होतं. त्यात एक पांढरं टेबल होतं आणि त्याच्यावर लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे. तिन्ही एकदम लागले की टेबल पांढरं दिसायचं. मधे हात धरला की रंगीत सावल्या पडायच्या. लाल दिवा अडला की त्या जागी हिरवा आणि निळा उरतो, म्हणून सावली निळसर-हिरवी; निळा अडला की पिवळी; हिरवा अडला की गुलाबी-जांभळट. मुलं त्या टेबलापाशी तासन्‌तास रमायची. शेजारच्या पाटीवर आम्ही लिहिलं होतं : 'प्रकाश जिथे पोहोचत नाही, तिथे सावली पडते.' भौतिकशास्त्राच्या तीन प्राध्यापकांनी ती पाटी तपासून दिली होती. मी स्वतः भौतिकशास्त्राची पदवीधर, मीही ती दहादा वाचली होती.

उद्‌घाटनाला नऊ दिवस असताना एका चित्रकाराला आम्ही बोलावलं, प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर 'काहीतरी छान' करून द्या म्हणून. भिंत बघायच्या आधी ते त्या टेबलापाशी थांबले. हात धरला, पाटी वाचली, पुन्हा हात धरला. मग विचारलं, "इथे प्रकाश पोहोचत नसेल तर ही सावली पिवळी कशी?"

पाटी सरळसरळ चूक होती. सावली म्हणजे प्रकाशाचा अभाव, हे वाक्य आमच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की समोरची पिवळी सावली आम्हाला पिवळी दिसतच नव्हती. त्या माणसाने आयुष्यभर सावल्या रंगवल्या होत्या. सावलीत काळा रंग क्वचितच असतो, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. पण पाट्या छापून झाल्या होत्या, पैसे संपले होते, आणि संस्थेने चुकीच्या पाटीसकट प्रदर्शन उघडलं. ती पाटी चौदा महिने तिथे होती. ते चित्रकार तीन महिने आधी आले असते तर पाटीच काय, सगळं दालन वेगळं झालं असतं. आम्ही त्यांना एक भिंत दिली आणि त्यांची नजर वाया घालवली.

या नजरेबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण प्रस्तावांत कलेचा उल्लेख येतो तो 'आकर्षकता', 'भावनिक जोड', 'तरुण प्रेक्षक' अशा शब्दांतून. जणू विज्ञान कडू औषध आहे आणि कला म्हणजे त्यावरचा मध. इतिहास मात्र काही वेगळंच दाखवतो.

१६०९च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट या गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र बघितला आणि त्याचं रेखाटन केलं. दुर्बिणीतून पाहून काढलेलं चंद्राचं हे आपल्याला माहीत असलेलं सर्वांत जुनं चित्र. त्यात चंद्रकोर आहे, उजेड आणि अंधार यांच्यामधली वेडीवाकडी रेघ आहे, काही ठिकाणी गडद फराटे आहेत. पण ती रेघ वेडीवाकडी का आहे, हे चित्र सांगत नाही. काही महिन्यांनी गॅलिलिओने इटलीत तोच चंद्र बघितला आणि तपकिरी शाईच्या पातळ थरांनी रंगवला. त्याच्या चित्रांत खड्डे आहेत. सूर्याकडची कड काळोखी आणि समोरची उजळलेली, म्हणजे तो खोलगट भाग. अंधाऱ्या बाजूला सुटे उजेडाचे ठिपके, म्हणजे पहाटेचं ऊन आधी शिखरांवर पडावं तशी उजळलेली शिखरं. ते ठिपके उजेडाच्या सीमेपासून किती लांब आहेत यावरून त्याने चंद्रावरच्या डोंगरांची उंचीसुद्धा काढली.

गॅलिलिओची दुर्बीण अधिक ताकदीची होती, हे खरं. तो फरक नाकारण्यात अर्थ नाही. पण फ्लॉरेन्सच्या वातावरणात वाढलेला हा माणूस चित्रकलेत मुरलेला होता. पुढे १६१३मध्ये तिथल्या चित्रकारांच्या अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं. गोलावर, खळग्यावर, उंचवट्यावर उजेड कसा पडतो हे तिथल्या चित्रकारांना तरुणपणी गिरवावं लागायचं. छायाप्रकाशातून आकार वाचणं ही त्या काळी हाताने शिकायची विद्या होती. १६१०मध्ये गॅलिलिओचं पुस्तक निघालं, आणि त्याच वर्षीच्या हॅरियटच्या रेखाटनांत खड्डे दिसायला लागले. गॅलिलिओचा मित्र, चित्रकार चिगोली याने १६१२मध्ये रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये मेरीच्या पायाखाली चंद्र रंगवला, तो खड्ड्याखड्ड्यांचा. मेरीच्या पायाखालचा चंद्र निष्कलंक रंगवण्याची परंपरा होती. चित्रकलेतून विज्ञानात आणि विज्ञानातून परत चित्रकलेत, अशी ही ये-जा तीन वर्षांच्या आत झाली.

मारिया सिबिला मेरियान ही जर्मन चित्रकर्ती अळी, कोश, फुलपाखरू आणि त्यांचं अन्नझाड हे सगळं एकाच पानावर रंगवायची, आणि १६९९मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती मुलीला घेऊन त्याच कामासाठी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. त्या काळी कीटक बहुतेक सुटे करून, टाचणी लावून दाखवायचे. झाड आणि अळी एकत्र ठेवणं हा मांडणीचा निर्णय होता आणि तोच जीवशास्त्रीय विचारही होता. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून हाताने रेखाटल्या. मज्जासंस्था म्हणजे अखंड जाळं नसून त्या सुट्या पेशी आहेत, हे त्याचं म्हणणं त्या रेघांमधून उभं राहिलं. १९०६मध्ये त्याला नोबेल मिळालं. या माणसांनी आधी विज्ञान करून मग ते सजवलं नाही. चित्र काढता काढता त्यांना कळत गेलं.

आता आपल्या क्षेत्राबद्दल, म्हणजे प्रेक्षकांसाठी केलेल्या कामाबद्दल.

१९६६च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमधल्या लष्कराच्या एका जुन्या कवायतघरात दहा कलावंत आणि बेल लॅब्ज या दूरसंचार संशोधनसंस्थेतले तीसेक अभियंते यांनी मिळून नऊ संध्याकाळी प्रयोग केले. त्यामागे अभियंता बिली क्लूव्हर आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग होते. यंत्रं वेळेवर चालली नाहीत, प्रेक्षक ताटकळले, समीक्षकांनी झोडपलं. तुमच्यापैकी कुणाच्याही मूल्यमापनाच्या तक्त्यात हा उपक्रम नापास झाला असता. पण त्यातूनच 'एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी' ही संस्था उभी राहिली. कलावंताला अभियंता आणि अभियंत्याला कलावंत गाठून देणं हे तिचं मुख्य काम, आणि पुढच्या काही वर्षांत हजारोंनी तिच्याकडे नावं नोंदवली.

१९७०च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात याच संस्थेने उभारलेल्या एका मंडपावर फुजिको नाकाया या कलावंतीणीने धुकं पांघरलं. तिचे वडील उकिचिरो नाकाया भौतिकशास्त्रज्ञ होते. १९३६मध्ये होक्काइदोच्या प्रयोगशाळेत हिमस्फटिक कृत्रिमरीत्या घडवणारे ते पहिले. मुलीला धुकं हवं होतं, पण रसायनांचा धूर नको होता. लोकांनी त्यात शिरावं, श्वास घ्यावा, ओलं व्हावं असं निव्वळ पाण्याचं धुकं. असं मोठ्या जागेवरचं धुकं तोवर कुणी केलं नव्हतं. टॉम मी (Mee) या भौतिकशास्त्रज्ञाने तिच्याबरोबर बसून मार्ग काढला. खूप दाबाखालचं पाणी अगदी बारीक छिद्रातून सोडायचं, म्हणजे त्याचे इतके सूक्ष्म थेंब होतात की ते खाली न पडता तरंगत राहतात. हेच तंत्र टॉम मी यांच्या कंपनीने पुढे उद्योगांसाठी वापरात आणलं. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगत आले, कारण इथे अट कलावंतीणीची होती आणि त्या अटीमुळे विज्ञानाला नवी वाट सापडली. तिला शेवटच्या दोन महिन्यांत बोलावलं असतं तर धूर सोडणारं एखादं यंत्र भाड्याने आणलं असतं, आणि तेवढ्यावरच काम आटोपलं असतं.

सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बहुतेक प्रस्तावांत त्याचा फोटो असतोच. फ्रँक ओपेनहायमर यांनी ते १९६९मध्ये सुरू केलं. राजकीय संशयामुळे १९४९मध्ये विद्यापीठातली नोकरी गेलेला हा भौतिकशास्त्रज्ञ. मग दहा वर्षं कोलोराडोत गुरं पाळली, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. त्यांनी संग्रहालयाची कार्यशाळा प्रेक्षकांना दिसेल अशी ठेवली आणि १९७४पासून निवासी कलावंतांचा उपक्रम सुरू केला. कलावंत तिथे शास्त्रज्ञ आणि सुतार-वेल्डर यांच्या शेजारी, त्याच बाकांवर काम करायचे. तुम्ही फोटोतली उपकरणं नकलता, बाकांची ती रचना मात्र कुठल्याच प्रस्तावात दिसत नाही. आणि माझ्या मते त्या जागेचं सगळं बळ त्या बाकांत आहे.

मला स्वतःला ही गोष्ट सर्वांत खोलवर पटली ती एका विणकामामुळे.

भूमितीत अपास्तीय (हायपरबॉलिक) पृष्ठ नावाची एक गोष्ट आहे. चेंडूचा पृष्ठभाग सगळीकडे आतल्या बाजूला वळतो, तर हे पृष्ठ प्रत्येक बिंदूपाशी खोगिरासारखं दोन विरुद्ध दिशांना वळतं. कडेकडे जावं तशी जागा इतक्या वेगाने वाढते की ते सपाट पसरताच येत नाही, त्याच्या झालरी होतात. गणितज्ञ कागदाचे तुकडे चिकटवून याच्या प्रतिकृती करायचे आणि त्या हाताळताना फाटायच्या. १९९७मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना ताइमिन्या यांना सुचलं की हे क्रोशाने विणता येईल. नियम अगदी साधा : दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, प्रत्येक ओळीत, न चुकता. पुढे २००५मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी याच पद्धतीने लोकरीची प्रवाळभित्ती विणायला घेतली, कारण प्रवाळ आणि समुद्रगोगलगायी यांचे आकार असेच झालरीचे असतात. नंतर जगभरातल्या शहरांत हजारो लोकांनी आपापल्या भित्ती विणल्या, आणि समुद्र तापल्याने खरे प्रवाळ पांढरे पडत आहेत हे विणता विणता जाणून घेतलं.

आम्हीही असं एक दालन केलं. माहितीफलक कमी आणि खुर्च्या जास्त. एक गणिताचे प्राध्यापक येऊन बसत, समजावून सांगत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक आजी आल्या, साठेक वर्षं क्रोशा करणाऱ्या. प्राध्यापकांच्या हातातला झालरीचा गोळा बघून म्हणाल्या, "हे तर माझ्याकडून चुकून व्हायचं. टाके जास्त झाले की रुमाल असा फुगायचा. मी उसवून टाकायचे." प्राध्यापक बोलायचे थांबले. किती टाक्यांनंतर किती फुगतं हे आजींना बोटांनी ठाऊक होतं. त्यांनी सहा-सात गुणोत्तरांचे तुकडे दोन दिवसांत विणून आणले आणि टेबलावर ओळीने ठेवले. वक्रता कशी वाढत जाते ते कुणालाही हाताने चाचपून कळेल असं. आमच्या आराखड्यात ते तुकडे नव्हतेच. शेवटी त्या दालनात लोक सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबले.

ते तुकडे मांडायला जागा होती, कारण दालन अर्धवट ठेवायची परवानगी आम्ही भांडून मिळवली होती. सगळी मांडणी उद्‌घाटनाच्या दिवशी पक्की करून टाकली असती तर आजींना काचेच्या बाहेरून बघून जावं लागलं असतं.

आमच्या धंद्याला मराठीत 'अभिरक्षक' असा शब्द आहे. वस्तू सांभाळणारा, जपणारा. शब्द आदराचा आहे, पण या कामाचा तो निम्माच भाग सांगतो. उरलेला निम्मा म्हणजे दोन परक्या माणसांना एका टेबलाशी इतका वेळ बसवून ठेवणं की ती एकमेकांना अडाणी प्रश्न विचारायला लाजणार नाहीत. माझ्या अनुभवात याला पाच-सहा महिने लागतात. पहिले दोन महिने तर दोघंही सौजन्याने बोलतात आणि त्यातून काहीच निघत नाही. शास्त्रज्ञ आपलं नेहमीचं सादरीकरण दाखवतात, कलावंत माना डोलावतात. या महिन्यांचा अहवाल लिहिता येत नाही. तुमच्या समितीला दाखवायला काही नसतं. तरी त्या महिन्यांचे पैसे द्या, अशी माझी विनंती आहे, आणि ते पहिल्या सहामाहीत द्या.

कलावंतांचीही एक बाजू सांगते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. 'क्वांटम', 'न्यूरो', 'डीएनए' असे शब्द शीर्षकात घालून आत काहीच नसलेली कामं मी भरपूर पाहिली आहेत. काही नाकारली, आणि एक नाकारायला हवं होतं ते नाकारलं नाही याची खंत आहे. त्या कामात भूकंपाच्या नोंदींवरून आवाज तयार केला आहे असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात नोंदी आवडतील तशा बदलल्या होत्या आणि ते कुठे लिहिलं नव्हतं. बदलायला माझी हरकत नव्हती, लपवायला होती. प्रेक्षक आमच्याकडे विश्वासाने येतात. कलावंत उशिरा येतो तेव्हा हे जास्त होतं, कारण विषय पचवायला वेळच मिळालेला नसतो. तो शब्द उचलतो आणि निघतो.

नीट केलेल्या कामात शंकाही उघडपणे मांडता येतात. ओलाफुर एलियासन या कलावंताने भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांच्याबरोबर ग्रीनलंडच्या समुद्रातले हिमखंड आणून शहरांच्या चौकांत वितळायला ठेवले. २०१५च्या डिसेंबरमध्ये, हवामान परिषद चालू असताना, पॅरिसमध्ये ते बारा खंड घड्याळाच्या तबकडीसारखे मांडले होते. लोक त्यांना हात लावत होते, कान लावत होते. बर्फात अडकलेली जुनी हवा सुटताना तडतडते. एवढा बर्फ वाहून आणण्यात किती कार्बन खर्ची पडला, हा प्रश्न साहजिक होता. तो हिशेब त्यांनी करवून घेतला आणि जाहीर केला. मला ते कामाचाच भाग वाटतं.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. देखभालीचा पैसा वेगळा ठेवा. सेन्सर आणि मोटारी असलेली मांडणशिल्पं रोज शेकडो हात लागून बिघडतात, आणि 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी सहा महिने लटकलेली बघणं कलावंताला आणि मुलांना सारखंच जड जातं. आणि पाटीवर नावं लिहिताना शास्त्रज्ञ, कलावंत, तंत्रज्ञ अशी उतरंड करू नका. क्युरेटर यासिया राइकार्ट यांनी १९६८मध्ये लंडनमध्ये संगणक आणि कला यांवर जे प्रदर्शन केलं, त्यात कोणती वस्तू चित्रकाराची आणि कोणती अभियंत्याची हे टिपणं वाचल्याशिवाय कळू नये, अशीच योजना होती.

शेवटी, जे आता या कामात येत आहेत त्यांच्याबद्दल. तुमच्याकडे विज्ञानाचे क्युरेटर कायम असतात, कलेचे कायम असतात, आणि या दोन्हींच्या मधे काम करणारी मुलगी अकरा महिन्यांच्या करारावर असते. करार संपला की तिच्याबरोबर चाळीस शास्त्रज्ञ आणि पंचवीस कलावंत यांच्याशी जुळलेले संबंधही जातात, आणि पुढची मुलगी पहिल्या फोनपासून सुरुवात करते. डब्लिनमधलं सायन्स गॅलरी २००८मध्ये उघडलं. तरुणांना विज्ञान आणि कला यांच्याशी जोडणारी जागा म्हणून जगभर त्याचं नाव झालं, आणि २०२२मध्ये ते बंद झालं. एवढी गाजलेली जागासुद्धा जाऊ शकते, तर एका करारावर टांगलेल्या माणसाचं काय? ही एक जागा कायम करा. विषयपत्रिकेवर एवढा एकच ठराव घेतलात तरी या पत्राचं काम झालं.

माझ्याकडे एकतीस वर्षांच्या वह्या आहेत. कोणती मांडणी का फसली, कोणत्या जोडीचं जमलं नाही, कुठली पाटी किती वेळा बदलली, हे सगळं त्यांत तारखांसकट आहे. तुमच्यापैकी कुणाचीही नियोजन समिती त्या मागवू शकते, किंवा मला बोलावू शकते. मानधन नको. एकच अट : त्या बैठकीला कलावंतही हजर असावा, आणि ती बैठक पहिली असावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त क्युरेटर